पांढरी पट्टी

आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सात ते अकरा, माझं रक्त अंगाबाहेर फिरून परत येतं. चौतीस वर्षं मी मोजणी खात्यात नकाशे काढले, त्यामुळे कुठली रेघ कुठून निघते आणि कुठे जाते हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. हातातल्या सुईतून नळीत, नळीतून पंपात, पंपातून फिल्टरमध्ये, तिथे धुऊन निघालं की दुसऱ्या नळीने परत हातात. माझ्या दोन्ही किडन्यांनी माझ्या पाठोपाठ निवृत्ती घेतली, तेव्हापासून पाच वर्षं हे असंच चाललं आहे. यंत्राशी माझी कधी दोस्ती झाली नाही. ते चालवणाऱ्या बाईशी झाली, आणि मी जे सांगतो आहे ते तिच्याबद्दल आहे.

तिला सगळे ताई म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे दोनदाताई. कारण ती प्रत्येक गोष्ट दोनदा करायची. रक्तदाब दोनदा बघायची, वजन दोनदा विचारायची, नळ्यांचे जोड दोनदा पिळायची. घरून निघताना कुलूप लावून जिन्याच्या निम्म्यापर्यंत यायची आणि पुन्हा वर जाऊन ते ओढून बघायची. नवरा बस आगारात फिटर. तो म्हणायचा, हिने लग्नालाही दोनदा होकार दिला, पहिला तिचा तिलाच ऐकू आला नव्हता. मुलगी दहा वर्षांची, आणि सासूबाईंना कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून त्या घरात तसंही सगळं दोनदाच बोलावं लागे. ताई साडेचारला उठायची, सहाच्या ठोक्याला डायलिसिस केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर हजर असायची. तिला रजेवर गेलेली मी क्वचितच पाहिली.

आमची खोली लांबट. भिंतीला लागून बारा खुर्च्या, मागे रेलता येणाऱ्या, रेग्झीनच्या. खिडक्यांतून खाली गाड्या लावायची जागा दिसते, बघण्यासारखं त्यात काहीही नाही. टोकाला धुण्याची खोली. प्रत्येक रोग्याचा फिल्टर वेगळा, त्याच्यावर खुर्चीचा नंबर. काम झालं की तो धुतात, आत जंतुनाशक भरतात आणि फळीवर ठेवतात. पुढच्या वेळी वापरण्याआधी ते जंतुनाशक सलाईनने पार धुऊन काढायचं आणि शेवटच्या पाण्यात एक कागदाची पट्टी बुडवायची. पट्टी पांढरी राहिली तर फिल्टर स्वच्छ. निळी झाली तर आत काहीतरी उरलंय, ते रक्तात जाणार. गेलं तर काय होतं हे डॉक्टरांनी मला एकदा सांगितलं होतं, आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

पट्टी बुडवणं हे तीन सेकंदांचं काम. बारा जणांचा जीव त्या तीन सेकंदांवर, आणि ते करणारी ताई.

ती असं दोनदा दोनदा का करते हे तिने मला दोन वर्षांनी सांगितलं. चार तास शेजारी बसलं की माणसं बोलतात. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या एका केंद्रात, तिने सहा नंबरचा फिल्टर नऊ नंबरच्या माणसाला जोडला होता. नळीवरचा क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवून धरणारा चिमटा, उघडायला बोटं लावली आणि तेव्हा नंबर दिसला. तिने गुपचूप फिल्टर बदलला. कुणाला काही झालं नाही, कुणाला काही कळलं नाही. "पण मला कळलं ना काका," ती म्हणाली. तेव्हापासून तिला एकच स्वप्न पडायचं. ती क्लॅम्प उघडते, नळीतलं रक्त काळं पडत जातं, यंत्र ओरडत राहतं आणि तिचे हात हलत नाहीत. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. ओरडत उठायची. सासूबाई सोडून सगळं घर जागं व्हायचं.

इथे मी नाक खुपसलं. खुपसायला नको होतं, हे आज कळतं.

मला लहानपणापासून एक खोड आहे. स्वप्न चालू असतानाच मला कळतं, की हे स्वप्न आहे. कळलं की मग मी तिथे माझ्या मनासारखं करतो. पोरवयात शाळा जाळायचो. आता, दिवसाला जेमतेम तीन पेले पाणी प्यायची परवानगी असल्यामुळे, आणि आमच्या हिने ते मापाच्या भांड्याने मोजून द्यायचं व्रत घेतल्यामुळे, मी स्वप्नात नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पितो. ताईला हे सांगितल्यावर ती खूप हसली. मग म्हणाली, "हे शिकता येतं?"

येतं. त्याची युक्ती सोपी आहे. दिवसातून दहा-बारा वेळा कुठलाही आकडा वाचायचा, नजर बाजूला न्यायची, पुन्हा वाचायचा. आणि स्वतःला मनापासून विचारायचं, मी जागी आहे का? जागेपणी आकडा तोच राहतो. स्वप्नात बदलतो. ही सवय अंगात मुरली की एक दिवस माणूस स्वप्नातही आकडा दोनदा वाचतो, तो बदललेला दिसतो आणि डोकं लख्ख होतं. बाकीच्यांना यासाठी महिने लागतात. ताई आकडे दोनदा वाचण्यातच मुरलेली. तिला सतरा दिवस लागले.

त्या मंगळवारी ती आली तीच नाचत. स्वप्नात यंत्र ओरडायला लागलं, तिने त्याच्यावरचा आकडा पाहिला, दोनशे चाळीस. पुन्हा पाहिला, दोन हजार आणि पुढे एक अक्षर. "आणि मला कळलं काका. मी उभी राहिले आणि म्हटलं, थांब. क्लॅम्प बंद केला. फिल्टर काढला, परत धुतला, पट्टी बुडवली. पांढरी. मग जोडला. रक्त लाल." तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी माझ्या मुलाच्या निकालाच्या दिवशी पाहिलं होतं. मला भारी अभिमान वाटला. गुरु झालो ना मी.

त्यानंतर ती ओरडत उठली नाही. घर शांत झोपू लागलं. नवऱ्याने मला निरोप पाठवला की काकांचे उपकार झाले. पण ताई काही माझ्यासारखी चैन करणारी बाई नव्हती. तिला स्वप्नात मोकळीक मिळाली, तर तिने काय करावं? ती तिथे कामावर जाऊ लागली. रोज. बाराही फिल्टर धुवायची, बाराही पट्ट्या बुडवायची, वहीत लिहायची. मी म्हटलं, "अगं, उड की आकाशात. समुद्रावर जा. पगार तरी कुठे मिळतो तिथे?" ती म्हणाली, "सराव होतो काका. हात बसतो."

चार महिने गेले. एका गुरुवारी मला जोडून दहा मिनिटं झाली असतील. ताई समोर येऊन उभी राहिली. तिने माझ्या यंत्रावरचा आकडा वाचला. नजर खिडकीकडे नेली. पुन्हा वाचला.

ती खूण मीच शिकवली होती.

"ताई," मी हळूच विचारलं, "काय बघतेस?"

ती माझ्या कानाशी वाकली. "काका, हात जळतोय का? सुईपाशी? छातीत काही?"

"नाही. का?"

"तुमची पट्टी मी केली. मला आठवतंय, पांढरी होती. तुमच्या फिल्टरवरचा नंबर आठवतोय, हातमोजा फाटला होता तेसुद्धा आठवतंय." तिने दोन्ही हात वर केले. हातमोजे धड होते. "आणि वापरलेल्या पट्ट्यांच्या टोपलीत अकराच आहेत."

माझं रक्त त्या वेळी नळीत होतं. ते मला दिसत होतं, लाल, पारदर्शक नळीतून पुढे सरकताना. डाव्या हाताचा एकेक भाग मी तपासत होतो, कुठे चरचरतंय का, कुठे जड वाटतंय का. आणि शोधायला लागलं की सगळीकडेच चरचरतं. ताई स्टुलावर बसली आणि माझ्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ बघत राहिली.

पंधरा मिनिटांनी बारावी पट्टी सापडली. टोपलीच्या पिशवीच्या दुमडीत अडकली होती. पांढरी. मी सुटकेचा श्वास सोडला आणि हसायला लागलो. ताई हसली नाही.

"सापडली, म्हणून केली होती म्हणायचं," ती म्हणाली. "मला आठवतं म्हणून नाही. फाटलेला हातमोजा तिकडचा, स्वप्नातला आहे काका. मला आठवते ती पट्टी इकडची की तिकडची, मला माहीत नाही."

"पण आकडे? आकडे बदलतात ना तिकडे?"

"महिना झाला, बदलत नाहीत."

हे ऐकून मी खरोखर घाबरलो. साठ वर्षांत मला एकदाही असं झालं नव्हतं. माझी स्वप्नं ढिसाळ असतात, भिंती वाकड्या, आकडे पळणारे. ताईने रोज जाऊन जाऊन, घासून पुसून, तिचं स्वप्न इतकं नीट केलं होतं की त्यात चूक सापडेना. म्हणजे तिच्या डोक्यात रोजच्या दोन दोन सकाळी जमा होत होत्या, एक खरी, एक तिकडची, आणि दोन्हींत बारा फिल्टर, बारा पट्ट्या, बारा सह्या. जागी असताना ती जागीच होती, त्यात घोळ नव्हता. घोळ मागे वळून बघताना व्हायचा. कुठलं केलं आणि कुठलं स्वप्नात केलं हे तिला सांगता येत नव्हतं.

मी म्हटलं, सोडून दे हे. तिने प्रयत्न केला. आकडे दोनदा वाचणं बंद करायचा प्रयत्न केला, पण ते तिचं कामच होतं. उशिरा झोपून पाहिलं, झोपेची गोळी घेऊन पाहिली. एकदा कळायला लागलं की न कळणं जमत नाही, असं ती म्हणायची. डोळ्यांखाली काळं आलं. वजन दोनदा विचारणारी बाई आता चारदा विचारू लागली. मुलीच्या दप्तरात पोळीचा डबा भरल्याचं तिला आठवायचं आणि मुलगी उपाशी परत यायची.

मग मी दुसरी युक्ती काढली. माझी युक्त्यांची खाण काही आटत नव्हती. म्हटलं, पट्टी बुडवलीस की मला दाखव. मी म्हणेन, पाहिली. माझं यंत्र आणि शेजारच्या आजींचं यंत्र तर माझ्या डोळ्यांसमोरच असतं. बाकीच्यांनाही तसंच, ज्याची पट्टी त्याला दाखवायची. आजींना दोन हात दूरचं दिसत नव्हतं, म्हणून त्यांची पट्टीही मीच बघायची असं ठरलं. आजी पंच्याहत्तरीच्या, बारीक, शांत. माझ्यावर सोपवून त्या डोळे मिटून पडायच्या.

तीन आठवडे हे चाललं. ताईचा चेहरा जरा निवळला. मग एका शनिवारी नळ्या जोडता जोडता ती अगदी सहज म्हणाली, "काका, तुम्ही पण यायला लागलात."

"कुठे?"

"तिकडे. खुर्चीवर बसलेले असता. मी पट्टी दाखवते, तुम्ही म्हणता, पाहिली."

दुसऱ्याच्या स्वप्नात मी रोज जाऊन बसत होतो आणि साक्ष देत होतो. तिथला मी काय म्हणतो यावर माझा काडीचा ताबा नव्हता. त्या चार तासांत मी तिच्या प्रत्येक हालचालीवर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवला. घरी गेल्यावर आमच्या हिला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "दुसरं केंद्र बघू या का?" दुसऱ्या केंद्रात आठ महिन्यांची रांग होती. मला तीन दिवसांच्या वर थांबता येत नाही.

आणि मग तो मंगळवार. आदल्या दिवसभर मला मळमळत होतं, सकाळी खुर्चीवर टेकलो आणि डोळ्यांवर झापड आली. ताईने मला जोडलं. मग आजींकडे वळली. मधे किती वेळ गेला सांगता येणार नाही. तिचा आवाज आला, "काका, आजींची पट्टी पाहिलीत ना?"

"पाहिली," मी म्हणालो. "पांढरी."

तिने क्लॅम्प उघडला.

चार मिनिटं झाली असतील. आजी म्हणाल्या, "बाई, आग होतेय गं." त्या कधीच काही म्हणत नसत. हात, मग खांदा, मग छाती. त्यांचे ओठ पांढरे पडले आणि मान एका बाजूला गेली. ताईने एका हाताने पंप थांबवला, दुसऱ्याने दोन्ही क्लॅम्प मिटले, खुर्ची मागे पाडून पाय वर केले आणि डॉक्टरांना हाक मारली. तिच्या हातांनी एक सेकंद वाया घालवला नाही. नळीतलं रक्त तिने परत आत जाऊ दिलं नाही. आजींच्या नाकाला ऑक्सिजन लागला. तीन हात अंतरावर मी नळ्यांनी बांधलेला पडून होतो आणि त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघत होतो. मी आयुष्यात इतका कधी भ्यालो नाही, माझ्या स्वतःच्या ऑपरेशनलाही नाही.

आजी वाचल्या. तासाभरात बोलायला लागल्या, दुसरा नवा कोरा फिल्टर लावून त्यांचं काम पुरं झालं. डॉक्टर म्हणाले, याची पाच कारणं असू शकतात. तपासायला पट्टी हवी होती, पण गडबडीत सफाईवाल्या मावशींनी टोपली रिकामी केली होती. डॉक्टरांनी ताईला विचारलं. ती म्हणाली, "केली. काकांनी पाहिली." डॉक्टर माझ्याकडे वळले.

"हो," मी म्हणालो. "पांढरी होती."

आणि म्हणता म्हणता मला ती आठवण पुन्हा दिसली. ताई पट्टी उंच धरून उभी आहे, पट्टी पांढरी आहे, आणि तिच्या डोक्यामागे भिंतीवरचं घड्याळ, सात वाजून बारा मिनिटं. सगळं स्वच्छ. फक्त, त्या भिंतीवर घड्याळ नाही. खोलीतलं एकमेव घड्याळ माझ्या डोक्यामागे आहे, मान पूर्ण वळवल्याशिवाय ते दिसत नाही.

म्हणजे मी झोपेत होतो. झोपेत पट्टी पाहिली आणि जागेपणी साक्ष दिली. आणि साठ वर्षं स्वप्न ओळखणाऱ्या मला त्या वेळी शंकाही आली नाही.

मी गप्प बसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण बसलो. गुरुवारी ताईने माझ्या हातात सुई घालताना म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून काका. नाहीतर मी स्वतःवर विश्वासच ठेवला नसता." मला तिच्या डोळ्यांत बघवेना. तिला खरं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण तिच्या हातात माझी सुई होती, आणि मला तिची भीती वाटत होती. हे खरं आहे, दुसरं काही नाही. मी ज्या बाईला चार वर्षं मुलीसारखी मानली तिची मला भीती वाटत होती. अकरा वाजता सुटलो आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. तिची स्वप्नं, अकरा पट्ट्या, फाटलेला हातमोजा, माझी खोटी साक्ष. हेही सांगितलं, की झोपेत पाहिलेलं आणि जागेपणी पाहिलेलं यातला फरक मला स्वतःला त्या दिवशी कळला नाही.

शनिवारी ती खुर्च्यांपाशी नव्हती. तिला खाली भांडारात बसवलं होतं, सलाईनचे खोके आणि चादरी मोजायला. जिन्यात भेटली. तिच्या काखेत चादरींचा गठ्ठा होता. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आधी मला सांगायचं होतंत काका." आणि खाली उतरून गेली.

तिच्या जागी आला तो चाळिशीचा, धिप्पाड, पंधरा वर्षं याच कामात मुरलेला. सगळे त्याला भाऊ म्हणू लागले. हसतमुख माणूस. गुणगुणत काम करायचा आणि ताईच्या निम्म्या वेळात बाराही जणांना जोडून मोकळा व्हायचा. मी पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "झोप कशी लागते तुला?"

"पडलो की मेलो," तो म्हणाला. "स्वप्नबिप्न काही नाही काका. कधी पडल्याचं आठवतच नाही."

जीव भांड्यात पडला माझा. पाच आठवडे मी निवांत होतो. खुर्चीवर डुलक्यासुद्धा काढल्या.

सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी मी टक्क जागा होतो. भाऊने नळ्या जोडल्या, क्लॅम्पला हात लावला. मी सहज विचारलं, "पट्टी?"

"झाली की."

"दाखवली नाहीस."

"बारा जणांना दाखवत बसलो तर इथेच दुपार होईल. केली, पांढरी आली, वहीत लिहिलीय. हे बघा." त्याने वही पुढे केली. माझ्या नंबरासमोर लिहिलं होतं, पांढरी. खाली सही.

माझं काय बिनसलं मला सांगता येत नाही. मी सुईवर उजवा हात ठेवला आणि म्हटलं, "माझ्यासमोर एकदा कर. म्हाताऱ्याचा हट्ट समज."

तो हसला. फिल्टरमधून थोडं पाणी वाटीत काढलं आणि पट्टी बुडवली. आम्ही दोघं बघत होतो. पट्टी कडेने निळी होत गेली, मग सगळी निळी झाली.

"अरेच्चा," भाऊ म्हणाला. त्याने पट्टी टोपलीत टाकली, फिल्टर पुन्हा धुवायला लावला, दुसरी पट्टी काढली. ही पांढरी आली. "हं, आता बघा," म्हणत त्याने क्लॅम्प उघडला आणि धुण्याच्या खोलीकडे गेला, गुणगुणत. वहीत त्याला काही बदलायची गरज पडली नाही, तिथे आधीच पांढरी लिहिलेलं होतं. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाकीचे पंप केव्हाच सुरू झाले होते. मी एकेकाला हाक मारून विचारत राहिलो, हात जळतोय का. त्यांना वाटलं, काकांना वेड लागलं आहे.

अकरा वाजता डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वही मागवली, भाऊला बोलावलं. टोपली तोवर रिकामी झाली होती.

"निळी?" भाऊ म्हणाला. "नाही सर. काकांच्या समाधानासाठी मी दुसऱ्यांदा केली, तीही पांढरीच होती. मला स्पष्ट आठवतंय."

तो खोटं बोलत असता तर मला बरं वाटलं असतं. खोटं बोलणारी माणसं मी नोकरीत भरपूर पाहिली, हद्दीची रेघ हातभर सरकवून शपथा घेणारी. याच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. त्याला खरंच पांढरी आठवत होती. पंधरा वर्षांच्या हजारो सकाळी त्याच्या डोक्यात रचलेल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या, आणि त्यातलीच एक पुढे येऊन आजच्या जागेवर बसली होती. त्यासाठी त्याला झोपावंही लागलं नव्हतं. आणि असं होऊ शकतं हे ओळखून टोपलीतल्या पट्ट्या मोजणारी एकच बाई त्या मजल्यावर होती, तिला मी खाली धाडलं होतं.

"ताईला परत आणा," मी म्हणालो. "मी हात जोडतो. निळी होती डॉक्टर, मी पाहिली."

डॉक्टर चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी भाऊला जायला सांगितलं, दार लोटलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी खाली आणून, मला वाईट वाटू नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "काका, त्या वेळी तुम्ही जागे होतात ना?"

मी तोंड उघडलं. मला वाटी आठवत होती, पट्टीची कड आठवत होती, निळा रंग आठवत होता. मी भाऊच्या डोक्यामागे काय होतं ते आठवायचा प्रयत्न करत राहिलो, आणि ते मला काही केल्या आठवेना.

परवा शनिवार आहे. सात वाजता मला त्याच खुर्चीवर बसायचं आहे.